वळण लावणारा हात

संशयी: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७नं १ एप्रिल २०१० पासून शिक्षकाच्या हातातली छडी काढून घेतली आणि ते योग्यच झालं. माझी तक्रार आहे ती छडीच्या जागी जे आलं त्याबद्दल. आता वहीवर चांदण्या चिकटतात, फळ्याच्या कोपऱ्यात नावं आणि गुण लिहिले जातात, परिपाठाला ‘आठवड्याचा आदर्श विद्यार्थी’ जाहीर होतो. पूर्वी माझी छडी कुठे आहे यावर एक डोळा ठेवून मूल गणित सोडवायचं, आता माझ्या हातातल्या चांदणीवर डोळा ठेवून सोडवतं. गणिताच्या वाट्याला दोन्ही वेळा अर्धंच लक्ष येतं. डॉक्टर, तुम्ही वर्तनशास्त्रातली मंडळी छडीला वाईट आणि चांदणीला चांगलं म्हणता. मला दोन्हींत एकच हेतू दिसतो. मोठ्याला हवं ते लहानाकडून करवून घ्यायचं, आणि त्यानं ते का करावं हे सांगायचे कष्ट वाचवायचे.

पुरस्कर्ता: बाई, हेतू एक असेल, परिणाम एक नाहीत. आणि हा फरक कुणाच्या कनवाळूपणातून आलेला नाही, तो प्रयोगांतून कळला आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकनं १८९८ साली भुकेल्या मांजरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मांजर लाकडी पेटीत, खाणं बाहेर. आतली दोरी ओढली की दार उघडायचं. आधी नुसती ओरबाडणं, चावणं, धडका मारणं. त्या धडपडीत केव्हातरी दोरी ओढली जायची. पुन्हा पुन्हा पेटीत ठेवल्यावर बाकीची धडपड गळून पडली आणि दोरी तेवढी उरली. यावरून त्यानं नियम मांडला की जिच्यामागून समाधान येतं ती कृती पक्की होते आणि जिच्यामागून त्रास येतो ती ढिली पडते. मोठा देखणा, तोलून मापून केलेला नियम. पण १९३०च्या दशकात, माणसांवर प्रयोग केल्यावर, त्याचा दुसरा अर्धा भाग त्यानं स्वतःच बराचसा सोडून दिला. ‘बरोबर’ म्हटल्यानं उत्तर पक्कं होत होतं. ‘चूक’ म्हटल्यानं ते त्या मानानं पुसलं जात नव्हतं.

स्किनरनं हेच उंदरांवर पाहिलं. दांडी दाबली की दाणा, हे उंदीर शिकले. मग दाणा बंद केला. काही उंदरांच्या बाबतीत, दांडी दाबली की ती उलटी उसळून पंजावर बसेल अशी सोय केली. ते उंदीर ताबडतोब थांबले. पण फटका बंद झाल्यावर त्यांनी पुन्हा दांडी दाबायला सुरुवात केली, आणि शेवटी हिशेब केला तर फटका खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या उंदरांनी दांडी सारखीच दाबली होती. हे १९३८चं. त्याच्या मते फटक्यानं सवय गेली नव्हती, ती दबा धरून बसली होती. आयुष्यभर स्किनरला लोकांनी माणसाला यंत्र करणारा म्हणून दूषणं दिली, पण शाळेतून मार हद्दपार करा असं म्हणणाऱ्यांत तो आघाडीवर होता, हे कुणी लक्षात ठेवत नाही.

संशयी: ही गोष्ट तुम्हाला सोयीची आहे तिथेच तुम्ही थांबवता आहात. तो फटका हलका होता. पुढे एझ्रिन आणि होल्झ यांनी १९६६ साली शिक्षेवरच्या प्रयोगांचा सविस्तर आढावा घेतला. शिक्षा जोरदार असेल, कृतीनंतर लगेच येत असेल आणि दर वेळी न चुकता येत असेल, तर वागणं थांबतं आणि थांबलेलं राहतं, असं त्यात आहे. तापलेल्या तव्याला हात लावलेलं मूल दुसऱ्यांदा लावत नाही. तेव्हा शिक्षेचा उपयोगच होत नाही असं म्हणू नका. तसं म्हटलंत तर पालक तुम्हाला हसतील, कारण त्यांनी उपयोग झालेला रोज पाहिलेला असतो.

पुरस्कर्ता: मान्य. पण त्या तिन्ही अटी पुन्हा वाचा. तवा जोरदार भाजतो, लगेच भाजतो, दर वेळी भाजतो. शिवाय तवा चिडत नाही, मुलाला नावं ठेवत नाही, आणि तो पाहुण्यांदेखत एक आणि एरवी दुसरा असा वागत नाही. माणसानं केलेल्या शिक्षेत यातलं काय असतं? हेल्मेटचंच घ्या. केंद्राच्या मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनं हेल्मेट न घालण्याचा दंड १०० रुपयांवरून १००० रुपयांवर नेला. रक्कम दहापट झाली, पकडले जाण्याची शक्यता दहापट झाली नाही. मग लोक काय शिकले? कोणत्या चौकात कॅमेरा आहे, हवालदार किती वाजता जेवायला जातो, हे शिकले. शिक्षेची तीव्रता कामाला येत नाही, तिची खात्री कामाला येते, हे बेकारियानं १७६४ साली लिहून ठेवलं आहे. आपण अजून तीव्रताच वाढवतो, कारण ती वाढवायला एक अधिसूचना पुरते आणि खात्री वाढवायला वर्षानुवर्षं माणसं उभी करावी लागतात.

आणि पालकांचं म्हणाल, तर त्यांना शिक्षेचा उपयोग दिसतो तो का, याचंही उत्तर आहे. शिक्षेनंतर सगळ्यात आधी बक्षीस मिळतं ते शिक्षा करणाऱ्याला. पोरं गोंगाट करतात, मास्तर ओरडतात, क्षणात शांतता. त्या शांततेनं मास्तरांचं ओरडणं पक्कं होतं. पोरांचा गोंगाट दहा मिनिटांनी परत येतो, पण तोवर मास्तरांचा धडा शिकून झालेला असतो. ओरेगनमध्ये जेरल्ड पॅटरसननं आक्रमक मुलांच्या घरी जाऊन, आईबाप आणि मुलं यांच्यात पदोपदी काय घडतं त्याच्या नोंदी केल्या. मूल किंचाळतं, आई माघार घेते, किंचाळणं थांबतं. किंचाळण्याचं बक्षीस मुलाला मिळालं, माघारीचं बक्षीस आईला मिळालं. दुसऱ्या दिवशी आई हात उगारते, मूल गप्प होतं, आता हात उगारण्याचं बक्षीस आईला. दोघं एकमेकांना घडवत असतात आणि दोघांनाही वाटत असतं की आपण फक्त समोरच्याला उत्तर देतोय.

यात आणखी एक फसगत मिसळते. डॅनियल कानेमन इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांना शाबासकीचं महत्त्व सांगत होते, तेव्हा एका अनुभवी प्रशिक्षकानं हरकत घेतली. त्याचं म्हणणं, उत्तम कसरत केली म्हणून कौतुक केलं की पुढची कसरत बिघडते, आणि वाईट केली म्हणून झापलं की पुढची सुधारते. त्याचं निरीक्षण खरं होतं, निष्कर्ष चुकीचा होता. कामगिरी नशिबानंही खालीवर होत असते. फार चांगल्यानंतरची बहुधा थोडी कमी चांगलीच येते आणि फार वाईटानंतरची थोडी बरी, मग तुम्ही कौतुक करा, झापा नाहीतर गप्प बसा. पण आपण वाईटानंतरच झापतो आणि चांगल्यानंतरच कौतुक करतो, त्यामुळे झापणं फळतं आणि कौतुक वाया जातं असाच अनुभव आयुष्यभर गाठीशी जमा होत राहतो. जो जितका अनुभवी, त्याचा हा गैरसमज तितका घट्ट.

संशयी: हे मला पटलं, आणि अस्वस्थही करून गेलं. पण मग ते पुरतंच लावा ना. शिक्षा करणाऱ्याला जशी शिक्षेची सवय लागते तशी बक्षीस देणाऱ्याला बक्षिसाची लागत नाही का? रडणाऱ्या मुलाच्या हातात मोबाइल दिला की तेही क्षणात गप्प होतं. चांदण्या वाटल्या की वर्ग हलत नाही, बसून राहतो. मला तासभर शांतता मिळते आणि माझा पाठ कंटाळवाणा आहे ही बातमी माझ्यापर्यंत पोचतच नाही. छडीनं निदान मुलाच्या डोळ्यांत राग दिसायचा, त्यातून काहीतरी कळायचं. चांदणीनं तेही झाकलं.

शिवाय चांदणी निरुपद्रवी नाही हे तुमच्याच शास्त्राच्या शेजारी राहणाऱ्यांनी दाखवलंय. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३चा प्रयोग पहा. बालवाडीतली मुलं, आपणहून आवडीनं चित्रं काढणारी. त्यातल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. त्यांनी काढली, प्रमाणपत्रं घेतली. मग आठवडा-दोन आठवड्यांनी, मोकळ्या वेळात, ही मुलं चित्रकलेकडे बाकीच्यांच्या निम्म्यानंच फिरकली. जे त्यांचं स्वतःचं होतं ते प्रमाणपत्राचं झालं. आणि दंडाची अशीच गोष्ट हैफा शहरातल्या पाळणाघरांची आहे. २००० साली ग्नीझी आणि रुस्तिकिनी यांनी ती मांडली. दहा पाळणाघरं, मुलांना न्यायला पालक उशिरा येतात म्हणून त्यातल्या सहांमध्ये दंड लावला. उशीर कमी व्हायचा तो वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. तोवर पालकांना ताटकळणाऱ्या बाईंची लाज वाटत होती, आता त्यांनी त्या वेळाचे पैसे मोजले होते. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर कमी झाला नाही. लाज एकदा गेली ती गेली.

पुरस्कर्ता: दोन्ही प्रयोग मोलाचे आहेत, पण ते नेमकं काय सांगतात ते पाहू. बालवाडीच्या प्रयोगात तिसरा एक गट होता. त्या मुलांना प्रमाणपत्र मिळालं, पण आधी न सांगता, अचानक. त्यांची आवड कमी झाली नाही. म्हणजे घात बक्षिसानं केला नाही, सौद्यानं केला. आणि मुलं निवडली होती ती आधीच चित्रांची आवड असलेली. मी ज्यांच्याबरोबर काम करतो त्या मुलांना पेन्सिल हातात धरणंसुद्धा नकोसं असतं. तिथे मारायला आवडच नसते, ती जन्माला घालायची असते. पुढे या विषयावर दोन्ही बाजूंनी शेकडो प्रयोगांचे आढावे निघाले, भांडणं झाली. त्यातून एवढं तरी हाती लागलं की आधी ठरवून दिलेली वस्तू आवडीला मारक ठरू शकते आणि कामाबद्दल मनापासून सांगितलेली नेमकी गोष्ट सहसा ठरत नाही. ‘छान’ म्हणणं वेगळं आणि ‘तू हातचा विसरला होतास, तो स्वतः शोधून काढलास’ म्हणणं वेगळं. दुसऱ्यात माझं मत कमी आहे, त्याच्या कामाची बातमी जास्त आहे.

संशयी: तुम्ही मुलांवरच राहता आहात म्हणून मी गावाकडे वळते, कारण तिथे मी हे सगळं मोठ्या माणसांवर झालेलं पाहिलंय. २०००-०१ साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. बक्षिसं होती, तपासणी समित्या होत्या. गावं झपाटल्यासारखी कामाला लागली. बक्षिसाच्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त श्रम आणि पैसा लोकांनी घातला. मग केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला आणि देशातली सर्वाधिक निर्मल गावं महाराष्ट्रातली निघाली. पुढे काय झालं? समिती येऊन गेली, फलक लागला, आणि कितीतरी गावांत शौचालयात सरपण, गोवऱ्या, जुनी पिंपं जाऊन बसली. माणसं पहाटे पुन्हा वाटेला लागली. मग शिक्षेची पाळी आली. ‘गुड मॉर्निंग पथकं’ निघाली. ग्रामसेवक, कुठे शिक्षक, कुठे पोलीस, पहाटे अंधारात जाऊन शिट्ट्या वाजवायचे, गुलाबाचं फूल द्यायचे, नाव लिहून घ्यायचे, फोटो काढायचे. बक्षीस झालं, शिक्षा झाली, आणि सवय तिथेच. तुमच्या शास्त्राची याहून मोठी परीक्षा कोणती घ्यायची?

पुरस्कर्ता: मी तर म्हणेन की शास्त्रानं जे सांगितलं असतं तेच घडलं. बक्षीस कशाला होतं ते बघा. शौचालय बांधण्याला होतं, भिंती रंगवण्याला होतं, समिती येईल त्या दिवशी गाव झाडण्याला होतं. या तिन्ही गोष्टी गावांनी चोख केल्या. वापरण्याला बक्षीस नव्हतंच. वापर ही रोजची, एकेकट्या माणसाची, कुणी न बघता करायची कृती आहे, आणि पुरस्कार वर्षातून एकदा, अख्ख्या गावाला. आता रोजच्या परिणामांची यादी करा. शेताकडे गेलं तर मोकळी हवा, चार माणसं भेटतात, बायकांना तर घरच्या नजरेबाहेर बोलायला मिळणारी तीच एक वेळ. घरातल्या शौचालयात गेलं तर अंधार, वास, पत्र्याचं तापणं, आणि प्रत्येक वेळी बादलीभर पाणी. हे पाणी लांबून डोक्यावर आणणारी बाई आपल्या घामाची बादली खड्ड्यात ओतायला नाखूश असते, यात तिचं काय चुकलं? वर खड्डा भरला तर तो उपसणार कोण, ही भीती. त्या भीतीत जातीचा सगळा इतिहास आहे. म्हणजे न वापरण्याला रोज बक्षीस होतं आणि वापरण्याला रोज शिक्षा होती. त्यावर फलकाचा काय पाड लागणार? जिथे नळ दारात आला, एक भरला की दुसरा वापरायचा ही दोन खड्ड्यांची रचना लोकांना नीट समजली, तिथे वापर टिकणं सोपं झालं. तिथे कुणाला शिट्टी वाजवावी लागत नाही.

संशयी: हे तुम्ही उत्तम सांगितलंत, पण लक्षात घ्या, तुम्ही आता लोकांना वळण लावण्याबद्दल बोलत नाही आहात. तुम्ही नळाबद्दल बोलता आहात. आणि मला नेमकं हेच म्हणायचंय. पहाटेच्या त्या पथकाच्या हाती कोण सापडायचं? ज्याच्या घरात शौचालय आहे आणि जो केवळ सवयीनं बाहेर जातो, तो क्वचित. सापडायचं ते एका खोलीत सहाजण राहणारं घर, गायरानाच्या कडेला झोपडं असलेलं कुटुंब, उसाच्या फडावर पालात राहणारी टोळी. ज्याच्यापुढे दुसरा रस्ताच नाही त्याला शिक्षा झाली. शिक्षेचा हा स्वभावच आहे, ती उतारानं वाहते. शिट्टी वाजवणाऱ्याच्या घरी नळ होता.

पुरस्कर्ता: इथे मी तुमच्याशी वाद घालणार नाही. सेलिगमन आणि मायर यांनी १९६७ साली कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत एका गटाला विजेचे धक्के बसायचे आणि काहीही केलं तरी ते थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. पुढे त्यांना सहज उडी मारून सुटता येईल अशा जागी ठेवलं, तर त्यातली बरीचशी पडून राहिली. सुटकेचा रस्ता नसताना केलेली शिक्षा हवं ते वागणं शिकवत नाही. तिचा परिणाम एवढाच की माणूस प्रयत्न करणं थांबवतो. याच दोघांनी २०१६ साली आपल्या निष्कर्षाची मांडणी बदलली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. असहायता शिकावी लागत नाही, लांबलेल्या त्रासापुढे ती आपोआपच येते. शिकावं लागतं ते हे, की आपल्या करण्यानं काही बदलतं. मग ज्याच्या करण्यानं कधीच काही बदललं नाही अशा मुलाला, अशा कुटुंबाला, आधी तोच अनुभव द्यायला हवा. आणि तो अनुभव द्यायचं, मला माहीत असलेलं, सर्वात चांगलं साधन प्रबलन आहे, म्हणजे कृतीमागून हवंसं काही देऊन ती पक्की करणं. तू हे केलंस म्हणून हे घडलं. छोटंसं का असेना.

संशयी: मग गाडगेबाबांना कुणी प्रबलन दिलं होतं? ज्यांच्या नावानं ते अभियान चाललं ते स्वतः दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत बसायचे. ना समिती, ना फलक. आणि बक्षीस होतं तिथलंही पाहा. २०१६ साली पाणी फाउंडेशनची, गावांनी राबून पाणी अडवण्याची, वॉटर कप स्पर्धा तीन तालुक्यांत सुरू झाली आणि साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, बक्षीस ५० लाखांचं. २०१८ पर्यंत ही स्पर्धा ७५ तालुक्यांत गेली. आता विचार करा, हजारो गावांनी ऐन उन्हाळ्यात चर खणले, आणि बक्षीस मिळालं त्यातल्या फार थोड्यांना. बाकीच्यांना काय मिळालं? तुम्ही म्हणाल शेजाऱ्यांचा सहवास मिळाला, अभिमान मिळाला, पावसाळ्यात पाणी मिळालं, तेच प्रबलन. असं म्हणायला लागलं की तुमचा सिद्धांत चुकूच शकत नाही. माणसानं केलं म्हणजे काहीतरी मिळालं असणार, मिळालं असणार म्हणून केलं. हे गोल गोल फिरणं झालं.

पुरस्कर्ता: हा आक्षेप जुना आणि खरा आहे. पॉल मील यांनी १९५० साली त्यावरच लिहिलं. त्यांचं उत्तर असं की एका ठिकाणी एखादी गोष्ट प्रबलक ठरली तर ती दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या कृतीवर लावून बघा. तिथेही चालली तर गोल फिरणं संपलं. म्हणजे अंदाज आधी बांधायचा, नंतर नाही. आणि हा सिद्धांत चुकू शकतो, चुकलाही आहे. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे स्किनरचेच शिष्य. त्यांनी रकूनला नाणं उचलून डब्यात टाकायला शिकवलं, खाण्याच्या मोबदल्यात. दोन नाणी दिली तर तो ती टाकेचना, एकमेकांवर घासत बसला, जणू खाणं धुतोय. खाणं मिळेना, तरी घासणं सोडलं नाही. १९६१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं, आणि कोणत्याही प्राण्याला काहीही शिकवता येतं ही समजूत तिथे मोडली. तेव्हा वॉटर कपबद्दल मी एवढंच म्हणेन. एकत्र राबण्याची माणसाला ओढ असेल तर ती स्पर्धेनं निर्माण केलेली नाही. स्पर्धेनं ४५ दिवसांची एक मुदत दिली, आज किती खणलं हे संध्याकाळी मोजता येईल अशी सोय दिली. श्रमाचा परिणाम डोळ्यांपुढे आणला. गाडगेबाबांच्या बाबतीत मात्र मी हात टेकतो. त्यांना झाडताना पाहून ज्यांनी झाडू उचलला त्यांच्याबद्दल मला थोडं सांगता येईल, खुद्द बाबांबद्दल नाही.

संशयी: हात टेकलात ते बरं केलंत. आता माझी खरी भीती. तुमचं हे ज्ञान सर्वात मन लावून कोण शिकलंय? शिक्षक नव्हेत. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली दाखवलं की दाणा दर वेळी न देता अनिश्चित वेळांनी दिला तर कबुतर थकेपर्यंत टोच मारत राहतं. ऑनलाइन रमीवाल्यांनी तेच केलं, रील्सवाले आज तेच करतायत. पुढच्या स्वाइपला काहीतरी मिळेल, कदाचित. माझ्या गावातली पोरं बांधावर बसून टोच मारतायत. तुम्ही म्हणता छडी वाईट कारण तिच्यामुळे राग आणि भीती येते. इथे राग नाही, भीती नाही. पोरगं हसत हसत रात्र घालवतं. बंड करायला छडीनं निदान कारण दिलं होतं.

पुरस्कर्ता: वोल्फ्राम शुल्त्झच्या माकडांवरच्या प्रयोगांतून हे मेंदूच्या पातळीवरही दिसलं. अपेक्षित फळरस मिळाला की डोपामिनच्या पेशी शांत राहतात. अनपेक्षित मिळाला की उसळतात. अपेक्षित असून चुकला की नेहमीपेक्षाही मंदावतात. मेंदू बक्षीस मोजत नाही, अंदाज आणि वास्तव यांतलं अंतर मोजतो. ज्यांना हे अंतर विकता यायला लागलं त्यांनी ते विकलं. पण बाई, यावर उपाय म्हणून मी हे ज्ञान बाजूला ठेवलं तर ते बाजूला राहील का? ते फक्त त्यांच्याच हाती राहील. आईला, शिक्षिकेला, त्या पोराला स्वतःला हे समजणं हाच मला त्यावरचा थोडाफार उतारा दिसतो. आपलं टोच मारणं दिसायला लागलं की निदान थांबावं की नाही हा प्रश्न तरी पडतो.

संशयी: स्वतःला दिसणं, हे तुम्ही आता बोललात. मग तुमच्याच क्षेत्राची एक गोष्ट विचारते. इव्हार लोव्हासनं १९६०च्या दशकात स्वमग्न मुलांवर विजेचे धक्के वापरले. १९८७ साली त्याचे निकाल गाजले, आणि कालांतरानं त्या पद्धतीत मुख्यतः बक्षिसं राहिली. आज ती पद्धत भोगलेली स्वमग्न माणसं मोठी होऊन बोलतायत. त्यातली कित्येक म्हणतात की आम्हाला हात फडफडवू दिले नाहीत, डोळ्याला डोळा भिडवायला लावलं, आणि आमच्यासाठी दोन्ही गोष्टी उलट्या होत्या. हात फडफडवल्यानं आम्हाला बरं वाटायचं आणि डोळ्यांत बघणं सहन होत नव्हतं. त्यांना चांगुलपणानं वागवलं गेलं, बिस्किटं दिली गेली. पण कुणाला त्रास होतो म्हणून ते वागणं बदलायचं होतं? त्यांना होत नव्हता. बघणाऱ्याला होत होता.

पुरस्कर्ता: हा आक्षेप मी टाळू शकत नाही, आणि टाळू इच्छितही नाही. मी ज्या मुलांबरोबर काम करतो त्यातलं एखादं स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतं. ते थांबवायलाच हवं, आणि ते का आपटतं हे शोधलं तर बहुधा कळतं की मागायला त्याच्याकडे दुसरी भाषा नाही. पाणी हवंय हे चित्रावर बोट ठेवून सांगता यायला लागलं, आणि सांगितल्याबरोबर पाणी मिळायला लागलं, की आपटणं कमी होतं. हे प्रबलनच आहे, आणि यात त्या मुलाच्या हातात काहीतरी आलेलं असतं. हात फडफडवणं थांबवण्यात त्याच्या हातातलं काहीतरी गेलेलं असतं. तंत्र एकच, क्रियेमागून परिणाम. फरक इतकाच की एकीकडे मूल माझ्याकडून काहीतरी घडवून घ्यायला शिकलं, दुसरीकडे फक्त मी त्याच्याकडून. आता आम्ही मुलानं मान फिरवली, मूल उठून गेलं, तर तो नकार समजून थांबायला शिकतोय. म्हणजे त्याच्या नकारानं आमचं वागणं घडावं असं बघतोय.

संशयी: मग हीच कसोटी सगळीकडे लावा. ज्याला वळण लावलं जातंय त्याला वळण लावणारा हात बदलता येतो का? ग्रामसभेत दंडाचा ठराव होतो, तो पुढच्या ग्रामसभेत निदान कागदावर तरी फिरवता येतो. पण पहाटे शिट्टी ऐकणारी बाई त्या सभेत बोलते का? आणि माझ्या वर्गात तर सभाच नाही. चांदणी कशाला द्यायची हे मी ठरवते, पालक नाही, मूल नाही.

पुरस्कर्ता: मुलांना सामील करून घेता येतं. स्वतःच्या कामाची नोंद स्वतः ठेवायला दिली तर त्या नोंदीनंच वागणं बदलतं असं पुष्कळदा आढळलंय. वर्गाचे नियम मुलांनी मिळून करावेत, शिक्षकानं उशीर केला तर त्याचाही नियम असावा, हे अशक्य नाही. पण सहा वर्षांचं मूल रस्त्यावर धावत सुटलं तर मी त्याची संमती घेत बसणार नाही. त्याला घट्ट धरीन, आणि पुढच्या वेळी ते कडेला थांबलं की लगेच तसं सांगीन. तिथे हात माझाच असेल आणि तो बदलायचा हक्क मी त्याला देणार नाही.

संशयी: सहाव्या वर्षी देऊ नका. दहाव्या? चौदाव्या? आणि उसाच्या फडावरच्या चाळिशीच्या बाईला तो कितव्या वर्षी मिळतो? तुम्ही मला दाणा किती वेळानं द्यावा ते अचूक सांगू शकता. हात सोडायची वेळ कोणती, हे तुमच्या कोणत्या प्रयोगात आहे?

पुरस्कर्ता: वेळ कोणत्याच प्रयोगात नाही. प्रयोगात एवढंच दिसतं की हात एकदम सोडला तर शिकवलेलं गळून पडतं, आणि कधीच सोडला नाही तर ते त्या हातापुरतंच राहतं. म्हणून आम्ही हळूहळू सोडतो, दर वेळी दिलं जायचं ते अधूनमधून, मग क्वचित, आणि मधल्या काळात बघत राहतो की त्या कामातूनच त्याला काही मिळायला लागलंय का. वाचायला लागलेल्या मुलाला गोष्टच ओढून नेते, तिथे मला फारसं काही करावं लागत नाही. अडतं ते जिथे कामातून त्याला काही मिळण्यासारखं नाहीच, मिळणार आहे ते फक्त मला. ते आधीच ओळखायचं कसं, हे तुम्ही मला विचारता आहात.

संशयी: हो. आणि शांत बसलेल्या वर्गापुढे उभं राहून ते ओळखायचं कसं, हे विचारतेय. कारण तुम्हीच सांगितलंत, त्या शांततेचं बक्षीस मला मिळत असतं.